कारखान्याचं दार आणि एक नॉब

८ मार्च, रात्री

काल रात्री या छोट्या सिंथेसायझरवर एक आवाज सापडला होता. जुन्या मिलच्या भोंग्याचा शेवटचा, उतरत जाणारा सूर असावा तसा. भरदार, कडेला थोडा खरखरीत. आज कामावरून येईपर्यंत भाच्याने सगळे नॉब फिरवून ठेवलेले. तासभर खटपट केली, तो आवाज काही परत आला नाही. भाच्याला ओरडणार होतो, पण चूक माझीच. हे यंत्र सुरावट लक्षात ठेवतं, तिच्यासाठी आठ कप्पे आहेत त्याच्या पोटात. आवाज मात्र ठेवत नाही. नॉब जिथं उभे आहेत तोच आवाज. नॉब हलले, आवाज गेला.

म्हणून ही वही. नॉबची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहायची. ७ म्हणजे पूर्ण बंद, १२ म्हणजे मध्यावर, ५ म्हणजे पूर्ण उघडा.

यंत्राबद्दल एकदाच लिहून ठेवतो. कॉर्ग कंपनीचं व्होल्का कीज. बाजारात आलं २०१३ ला, माझ्याकडे आलंय ते वापरलेलं. आकार साधारण एका पुस्तकाएवढा. सहा पेन्सिल सेलवर चालतं, बारका स्पीकर आतच आहे. खाली २७ पट्ट्या, पण पेटीच्या पट्ट्यांसारख्या त्या दबत नाहीत, नुसतं बोट टेकवायचं. वर दीडएक डझन नॉब. एका वेळी तीन सूर वाजतात. लग्नातल्या ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवर बटण दाबलं की व्हायोलिन येतं, दुसरं दाबलं की बासरी. इथं तसलं काही भरून ठेवलेलं नाही. विजेचा एक कच्चा, करकरीत सूर मिळतो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

सोबतचा कागद तीनदा वाचला. कटऑफचा नॉब फिल्टरची कटऑफ ठरवतो, एवढं कळलं. कागदाचा दोष नाही. कागदातून आवाज कुठून येणार?

११ मार्च

रोज एकच नॉब, असं ठरवलंय. बाकीच्यांना हात लावायचा नाही. आज कटऑफ.

एक खालचा सूर धरून ठेवला आणि नॉब ५ वरून मागे आणत गेलो. ३, १, १२, १०. करकर कमी होत होत ९ च्या आसपास नुसता गुबगुबीत धपका उरला. परत उघडला, परत मिटला. चौथ्या-पाचव्या खेपेला एकदम लक्षात आलं की हे मी ऐकलंय. या यंत्रात नव्हे, सोलापुरात, साखर पेठेत.

आमची ती जुनी खोली आणि शेजारचा कारखाना यांच्यात एकच भिंत. (बाहेरगावच्या लोकांना कारखाना म्हटलं की चिमणी वगैरे दिसते. आमच्याकडे चार माग आणि वर पत्रा एवढ्यालाही कारखानाच म्हणतात.) दिवसा दार सताड उघडं असायचं आणि धोट्याची (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) खट्ट अशी कानात घुसायची की आई आम्हाला खुणेनंच जेवायला बोलवायची. रात्री दहाला मालक पत्र्याचं दार लोटून घ्यायचा. माग तेच, चालही तीच, पण आमच्याकडे यायची ती फक्त धप, धप, धप. खट्ट कुठं गेली? ती दाराशी अडली. बारीक, टोकदार आवाज अडतो, जाड आवाज भिंतीतूनही येतो. आम्ही पोरं त्या धपधपीतच झोपायचो. उलट ती थांबली की जाग यायची.

कटऑफ म्हणजे ते दार. बस्स.

यंत्राच्या कच्च्या सुरात गर्दी फार असते. ११० हर्ट्झचा सूर वाजवला तर त्याच्या अंगावर २२०, ३३०, ४४० अशी सगळी पोरंबाळं बसलेली असतात, वरची वरची अधिकाधिक बारीक आवाजाची. तीच ती करकर. नॉब मागे घेतला की वरून एकेक पोर दाराबाहेर राहतं. शेवटी ११० तेवढा आत.

आणखी एक गोष्ट आज कळली. सूर तीन असले तरी दार एकच आहे. एका सुरासाठी उघडलं की तिघंही उजेडात येतात. चार मागांना एकच दार होतं, तसंच.

१५ मार्च, पहाटे

पाणी आलं. चार दिवसांनी आलं, त्यामुळं घरातलं प्रत्येक भांडं रांगेत. मी घागरीपाशी डुलक्या घेत बसलो होतो, आणि अप्पा आतून म्हणाले, "भरत आली, बघ." ते उठलेही नव्हते. घागर भरताना आवाज चढत जातो, त्यावरून त्यांना कळतं.

नळाच्या धारेत सगळ्या उंचीचे आवाज असतात. घागरीतली रिकामी हवा त्यातला एक निवडते आणि तेवढाच फुगवते. पाणी वर येईल तशी हवेची जागा आखडते आणि निवडलेला सूर वर सरकतो. परवापासून मी पीक या नॉबपुढं डोकं आपटत होतो, तो हाच! दाराच्या उंबऱ्यावर जो सूर उभा आहे त्याला पीक उचलून धरतो. पाणी भरून झाल्यावर हेडफोन लावले, पीक ३ वर ठेवला आणि कटऑफ ८ पासून हळूहळू वर नेला. घागर भरली. एकटाच हसत बसलो.

एक फरक आहे. घागरीत सूर घसरत वर जातो. इथं मात्र पायऱ्या चढल्यासारखा जातो, प्रत्येक पोरापाशी क्षणभर थांबून. कारण नळाच्या धारेत सगळंच असतं, यंत्राच्या सुरात मोजकीच पोरं.

२० मार्च

अटॅक, डिके, सस्टेन: सूर किती झटकन चढतो, किती वेळात ओसरतो, किती उरून टिकतो. तीन नॉब, पण एकमेकांशिवाय त्यांना अर्थ नाही, म्हणून आजच्यापुरता नियम मोडला. डिके आणि रिलीज (बोट उचलल्यावरचं ओसरणं) इथं एकाच नॉबवर आहेत, त्यामुळं मी आधी उगाच चौथा शोधत होतो.

हे समजायला मला वेळ लागला नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सोलापुरात राहिलेल्या माणसाला हलगी आणि सनई यातला फरक काय सांगायचा? हलगी वाजते ती आदळतेच: अटॅक ७, डिके ८, सस्टेन ७. काठी लागली, कडाडली, संपली. सनई फुंक भरत येते आणि फुंक असेपर्यंत हलत नाही: अटॅक १०, सस्टेन ५. सूर तोच ठेवून नुसते हे तीन नॉब हलवले तरी कान म्हणतो, वाद्य बदललं. आवाज कशाचा आहे यापेक्षा तो येतो कसा आणि जातो कसा, यावरच आपण ओळख ठरवतो. अप्पांचा जिना चढण्याचा आवाज मी ओळखतो तो काय पायऱ्यांच्या लाकडावरून?

फिल्टरच्या रांगेतला ईजी इंट हाही नॉब आज सुटला. हे तिन्ही नॉब त्या दाराला जोडायचे, स्प्रिंग लावल्यासारखे. बोट टेकलं की दार धाडकन उघडतं आणि आपोआप मिटतं. किती उघडावं ते ईजी इंट ठरवतो. पिठाच्या गिरणीला असतं तसलं दार.

२४ मार्च

एलएफओ, म्हणजे संथ हेलकावे देणारं सर्किट. टेबलफॅनसमोर तोंड धरून आ करायचं, लहानपणी सगळ्यांनी केलंय. पातं आवाज कापत जातं. पात्याचा स्वतःचा सूर आपण ऐकत नाही, त्यानं केलेले तुकडे ऐकतो. माणसाच्या कानाची हद्द साधारण २० हर्ट्झला सुरू होते, एलएफओचं काम तिच्याखालचं. तो वाजत नाही, दुसऱ्याचा नॉब हलवतो. एक नॉब त्याचा वेग, एक सुराला किती हलवायचं, एक दाराला किती. झालं. जास्त वापरला की मळमळतं.

१८ एप्रिल

महिनाभर वही उघडली नाही. मार्चअखेर, मग भाच्याची परीक्षा, मग ऊन. आज पारा ४२ वर. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

संध्याकाळी यंत्र काढलं. सकाळी पेटीशी जुळवून ठेवलेला सूर खिडकीतल्या टेबलावर दिवसभर तापला आणि सरकला. सूर तयार करणारं सर्किट अॅनालॉग आहे, तापमान बदललं की त्याचा सूर हलतो. या जातीच्या वाद्यांचं हे जुनंच दुखणं. आपोआप सूर लावून घेण्याची सोय यंत्रात आहे, पण आधी ते गार तर व्हायला हवं. पंख्याखाली अर्धा तास ठेवलं. हलगीवाले हलगी शेकून सुरात आणतात, मी वाद्य थंड करून आणतोय.

या गडबडीत डिट्यून मात्र कळला. व्हॉइसचा नॉब युनिसनवर ठेवला की तिन्ही ऑसिलेटर, म्हणजे सूर तयार करणारी तिन्ही सर्किटं, एकच सूर धरतात. एक ४४० वर आणि दुसरा ४४२ वर असेल तर सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. फरक वाढवला की लाटा जलद होतात, आणखी वाढवला की नुसतंच बेसूर. जुन्या पेटीत दोन सूर एकदम लावले की जो भरीवपणा येतो, तो बहुतेक वेळा पेटी नीट लागलेली नसल्याचा असतो. पेटीवाले हे कबूल करणार नाहीत.

३ मे

माग वाजवायचा, असं मनात होतं. आज बसलो.

यंत्रात १६ पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर आवाज आहे किंवा नाही. एकदा भरलं की ते गोल गोल फिरत राहतं आणि लाल दिवा धावतो. अप्पा मागे येऊन उभे राहिले.

"काय करलालास रे?"

"माग वाजवतोय."

ते दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही जेकार्डची माळ हाय की." चादरीच्या मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकमेकांना शिवून माळ केलेली असते. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं राहतो. माळ संपली की पहिलं कार्ड परत येतं आणि चादरीवर तेच फूल पुन्हा उमटतं. मी इतके दिवस त्या १६ पायऱ्यांना कसली उपमा द्यावी ते शोधत होतो, आणि यांनी चष्मा न लावता दिली.

मग त्यांनी ऐकलं. मिनिटभर नीट ऐकलं.

"ह्यो माग न्हाई. शिलाई मशीन वाजलालीय."

आवाज माझा बरा होता, असं मला अजूनही वाटतं. व्हॉइस पॉली रिंगवर, म्हणजे दोन पट्ट्या एकदम धरल्या की लोखंडी खणखण येते. अटॅक बंद, डिके आखूड, सस्टेन शून्य. अप्पांचं भांडण आवाजाशी नव्हतंच. चालीशी होतं. मी चार-चारच्या हिशेबाने सगळे ठोके सारखे भरले होते. त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. टक, टक, ठक्क. टक, टक, ठक्क. ते तीस-बत्तीस वर्षं टॉवेलच्या मागावर होते. टॉवेलला केस असतात, ते काढायचे तर फणी दोन धागे अलीकडंच सैल ठेवते आणि तिसऱ्याला तिन्ही मिळून पुढं रेटून घट्ट ठोकते. त्या वेळी ताण्याचा सैल सोडलेला धागा वर उठतो. तोच केस.

"दोन सैल, तिसरा घट्ट. पहिल्या दिवशी हेच शिकवत्यात."

माझं सगळं बालपण त्या भिंतीला लागून गेलं आणि ही तीनची चाल मला कधी ऐकू आली नव्हती.

४ मे

१६ ला ३ ने भाग जात नाही. पण नको त्या पायऱ्या वगळता येतात, मग माळ आखूड होते. शेवटच्या चार काढल्या, १२ ठेवल्या. एका धाग्याला चार पायऱ्या, असे तीन धागे. पहिल्या दोन ठोक्यांना एकेक पट्टी, तिसऱ्याला दोन. टेम्पो १०० च्या आसपास, अप्पांच्या मागाची चाल तेवढीच होती म्हणतात. म्हणजे एक पायरी ०.१५ सेकंदाची.

धोटा एकदा डावीकडून येतो, एकदा उजवीकडून, आणि जुन्या मागावर दोन्हींचा ठोका वेगळा वाजतो, हेही त्यांनी जेवताना ऐकवलं. तीन धागे आणि दोन बाजू, म्हणजे सहाला मेळ. एका धाग्याला चारच्या हिशेबाने त्यासाठी २४ पायऱ्या लागतील, इथं आहेत १६. त्यांना सांगितलं. "मग राहू दे," म्हणाले, पण तोंड वाकडं करून.

नोंद: व्हॉइस पॉली रिंग. कटऑफ १. पीक १०. फिल्टरचा ईजी इंट २. अटॅक ७, डिके ९, सस्टेन ७. एलएफओचे इंट दोन्ही ७. डिले (प्रतिध्वनी) बंद. पहिल्यांदा थोडा लावला होता, तर माग विकल्यानंतरच्या रिकाम्या कारखान्यात उभं राहिल्यासारखं झालं. लगेच काढला.

४ मे, उशिरा

अप्पा खुर्चीतच झोपले. यंत्र समोर वाजत होतं, टक टक ठक्क. मान छातीवर, हात पोटावर. चांगली पाऊण तास झोप झाली असावी. साडेअकराला मी सेल वाचवावेत म्हणून बटण बंद केलं.

ते डोळे न उघडताच म्हणाले, "लाईट गेली काय रे?"

"नाही."

"मग बंद का पडलं?"

परत चालू केलं. कटऑफ ९ वर आणला.