कऱ्हाड आणि कर्‍हाड

कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. एक्सेलमधून उचललं, अ‍ॅक्सेसमध्ये टाकलं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये. दोन बोटांचं काम, आणि त्यातच दुपार जाते.

अ‍ॅक्सेस तसं सरळ. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) दोनदा आली, रिक्वायर्ड फील्ड (भरलाच पाहिजे असा रकाना) रिकामं राहिलं, आकड्याच्या रकान्यात 'निरंक' असं लिहून आलं, की ती ओळ 'पेस्ट एरर्स' नावाच्या टेबलात जाऊन बसते. बहुतेक जण हे टेबल न उघडताच डिलीट करतात. खरं तर चूक त्याच ओळींत सापडते.

घोर लावतं ते मुकाट्याने झालेलं पेस्ट. डेटाशीटमध्ये, म्हणजे उघडलेल्या टेबलाच्या ओळी-रकान्यांत, पेस्ट करताना अ‍ॅक्सेस रकान्यांची नावं बघत नाही. डावीकडून उजवीकडे ओतत जातं. एक्सेलमध्ये नाव, गाव, तालुका आणि टेबलात नाव, तालुका, गाव असा क्रम असेल, तर सगळं टेक्स्टच, तक्रार कोण करणार? गाव तालुक्याच्या घरात राहायला जातं. म्हणून चालू टेबलात थेट पेस्ट करूच नये. डावीकडच्या नॅव्हिगेशन पेनमध्ये क्लिक करून तिथे पेस्ट करावं. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत का, असं विचारलं जातं. हो म्हटलं की वेगळं टेबल तयार. त्यात निवडटिपण करून अपेंड क्वेरीने (एका टेबलातल्या नोंदी दुसऱ्यात जोडणाऱ्या आज्ञेने) मूळ टेबलात न्यावं. कुठला रकाना कुठे जाणार, ते क्वेरीत समोर दिसतं.

तारीख मजकूर म्हणून आली आणि विंडोजची रीजनल सेटिंग अमेरिकन असली, तर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिलचा ४ मे होतो. पण १३/०४ मात्र १३ एप्रिलच राहतो, कारण तेरावा महिना नसतो. बारा तारखेपर्यंतच्या नोंदी चुकीच्या, पुढच्या बरोबर! सगळ्याच चुकल्या असत्या तर निदान लगेच लक्षात आलं असतं. खातेक्रमांकांचं दुखणं आधीचंच, एक्सेलमधलं: सुरुवातीची शून्यं गळतात, आणि पंधराच्या पुढचा प्रत्येक आकडा शून्य होतो. टाइप करण्याआधी सेल टेक्स्ट केला नसेल, तर तो आकडा मूळ कागदावरूनच परत घ्यावा लागतो.

आणि मग आपलं खास मराठी दुखणं. शीर्षकातली दोन्ही गावं एकच दिसतात ना? पण एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. कोणाच्या कीबोर्डवर कुठलं उमटेल, ते त्या कीबोर्डवर अवलंबून. लेन फंक्शनने मोजलं तर पहिल्याची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७. दोन टेबलं जोडताना ही गावं जुळत नाहीत, आणि माणूस डोळे फाडून स्पेस शोधत बसतो. कडेच्या स्पेस काढणाऱ्या ट्रिमचा इथे उपयोग नाही. रिप्लेसमध्ये (शोधून बदलणारं फंक्शन) २३५२ (र), २३८१ (हलन्त), ८२०५ (जोडक) हे तिन्ही अक्षर-कोड सलग शोधून त्यांच्या जागी २३५३ (ऱ) आणि २३८१ घालावे. नुसता ८२०५ उडवायचा मोह होतो. तसं केलं की र वर चढून त्याचा रफार होतो, आणि टेबलात तिसरंच गाव वसतं: कर्हाड.