तो पुढे पळणारा मध्येच का थांबतो? (तुम्ही विचारलंत म्हणून)

उन्हाळ्यात डायमंड लीगच्या मीट, म्हणजे अ‍ॅथलेटिक्सच्या मोठ्या स्पर्धा, सुरू झाल्या की हा प्रश्न मला हमखास येतो. पंधराशे मीटरमध्ये सगळ्यात पुढे होता तो, मस्त पळत होता, मग अर्ध्यातच ट्रॅक सोडून आत का गेला? पायात गोळा आला का त्याच्या? आणि उत्तर दिलं की लगेच दुसरा प्रश्न, जरा नाराजीच्या सुरात, म्हणजे हे सगळं आधीच ठरलेलं असतं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. त्याला काहीही झालेलं नाही, त्याचं काम संपलं. तो पेसमेकर, या लोकांच्या भाषेत रॅबिट. आयोजक त्याला पैसे देऊन आणतात, आणि ठरलेल्या स्पीडने ठरलेल्या अंतरापर्यंत पुढे पळायचं एवढंच त्याचं काम. बाकीच्यांसारखाच तो स्टार्ट लिस्टमध्ये असतो, त्याच बंदुकीवर सुटतो, आणि निकालात त्याच्या नावापुढे 'शर्यत पूर्ण केली नाही' असं लागतं, ज्याचं कुणालाही वाईट वाटत नाही, त्यालाही नाही. मात्र तो सुरुवातीपासून त्या शर्यतीत असावा लागतो. मध्येच कुणी ताजा माणूस आत शिरून पुढे पळायला लागला तर ती बाहेरची मदत धरतात आणि मग ती वेळ रेकॉर्ड म्हणून चालत नाही.

आता हा लागतो कशाला. पंधराशेचा वर्ल्ड रेकॉर्ड आहे ३:२६.००, मोरोक्कोच्या हिशाम अल गेरूजचा, रोम, जुलै १९९८. हिशेब केलात तर लॅप, म्हणजे ट्रॅकची चारशे मीटरची एक फेरी, साधारण ५५ सेकंदांचा पडतो, म्हणजे ताशी २६ किलोमीटर, तेही जवळजवळ पावणेचार लॅप. एवढ्या स्पीडला हवा अगदी स्थिर असली तरी अंगावर वारा येतोच, आणि पुढच्याच्या पाठीला चिकटून पळलात तर तो वारा बराचसा तो खातो. पण मला विचाराल तर वाऱ्यापेक्षा मोठा फायदा डोक्याचा आहे. पुढे असणाऱ्याला स्वतः ठरवावं लागतं की आत्ता बरोबर चाललोय का, जास्त होतंय का, मागचे किती जवळ आलेत. मागच्याला यातलं काहीच नको, समोरच्या पाठीकडे बघायचं आणि पाय टाकत राहायचं. पहिले दोन लॅप डोकं बंद ठेवता येणं ही या खेळात फार मोठी चैन आहे.

आणि रॅबिटचं काम वाटतं तेवढं सोपं नाही बरं का. सुटल्या सुटल्या सगळ्यांच्या अंगात जोर असतो, पाय हलके असतात, अशा वेळी ५५ सांगितलेला लॅप ५३ मध्ये काढून बसला की मागच्यांची वाट लागलीच, त्यांना ते तेव्हा कळत नाही, कळतं दोन लॅपनंतर. त्यामुळे चांगल्या रॅबिटला मागणी असते आणि मोठे खेळाडू आपला रॅबिट कोण असावा याबद्दल फार काटेकोर असतात. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१० च्या ऑगस्टमध्ये आठशेचा रेकॉर्ड आठवड्याभरात दोनदा मोडला, आधी बर्लिनला १:४१.०९, मग रिएटीला १:४१.०१, आणि दोन्ही वेळा पुढे सॅमी टांगुई होता.

हे काही आजकालचं फॅड नाहीये. १९५४ साली रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत मैल पळाला ते सगळ्यांना पाठ असतं, पण त्यात ख्रिस ब्रॅशर पहिले अडीचेक लॅप पुढे होता, मग ख्रिस चॅटवे आला, आणि बॅनिस्टर पुढे गेला तो थेट शेवटच्या लॅपच्या मागच्या सरळ पट्ट्यावर. त्याचे लॅप बघा: ५७.५, ६०.७, ६२.३, ५८.९. तिसरा सगळ्यात स्लो, पुढे माणूस असूनसुद्धा. हा तिसरा लॅप लक्षात ठेवा, त्याच्यावरच मला बोलायचंय.

कारण दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे ठरलेलं असतं का याचं, माझं उत्तर असं आहे की हो, ठरलेलं असतं, उघडउघड ठरलेलं असतं, पण ज्या भागात दुखत नाही तेवढाच भाग ठरवता येतो. पंधराशेत रॅबिट साधारण आठशे ते हजार मीटरला बाहेर पडतो. दोन असले तर एक पडतो चारशे-सहाशेला, दुसरा थोडा पुढे नेतो, पण बाराशेपर्यंत त्या स्पीडने नेणारा सापडणं फार कठीण, कारण तेवढं ज्याला जमतं तो मग स्वतःच शर्यतीत उतरतो ना. म्हणजे बघा, पाय जड व्हायला लागलेत, श्वास पुरत नाहीये, फिनिश अजून इतका लांब आहे की स्प्रिंट मारता येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी समोरची पाठ गायब होते. हजार ते बाराशे हा तुकडा टीव्हीवर सगळ्यात कंटाळवाणा दिसतो, कॉमेंटेटरही तेव्हा पुढच्या इव्हेंटचं काहीतरी सांगत असतात, पण रेकॉर्ड होणार की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरलेलं असतं. शेवटचे तीनशे सगळेच जीव काढून पळतात हो, त्यात फरक थोडा.

बरं, रॅबिट नसला की काय होतं तेही बघूया, कारण ऑलिम्पिक आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तो नसतो. रिओ, २०१६, पंधराशेची फायनल, जगातले सगळ्यात फास्ट लोक, आणि कुणालाच पुढे जायचं नाही. पहिला लॅप ६६ सेकंदांच्या वर! अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोवित्झने सोनं घेतलं ते ३:५०.०० मध्ये, १९३२ नंतरची सगळ्यात स्लो वेळ. पुढच्या महिन्यात त्याच गावात पॅरालिम्पिकच्या एका पंधराशेत, कमी दृष्टी असलेल्या खेळाडूंच्या गटात, पहिले चौघेही त्याच्यापेक्षा फास्ट पळाले. पण म्हणून सेंट्रोवित्झची शर्यत वाईट होती असं मी म्हणणार नाही, शेवटचा लॅप त्याने पन्नासच्या थोडाच वर काढलाय आणि मागे जगातले भारी भारी लोक असताना त्या लॅपभर पुढची जागा सोडली नाही. तो वेगळा खेळ आहे, एवढंच. तिथे माणूस हरवायचा असतो, मीटमध्ये घड्याळ.

कधीकधी फायनलमध्ये कुणीतरी फुकटचा रॅबिट होतो, न मागता. मॉन्ट्रियल १९७६ च्या आठशेच्या फायनलला आपला श्रीराम सिंग पहिला लॅप सगळ्यांच्या पुढे होता, पन्नास सेकंदांच्या थोडं वर, आणि त्या स्पीडचा फायदा घेऊन क्यूबाच्या अल्बर्तो हुआन्तोरेनाने १:४३.५० चा वर्ल्ड रेकॉर्ड केला. श्रीराम सातवा आला. पण त्याची १:४५.७७ ही वेळ भारतात २०१८ पर्यंत कुणाला मोडता आली नाही, तेव्हा त्याचंही नुकसान झालं असं म्हणवत नाही.

आणि याच्या अगदी उलट रुडिशा. लंडन २०१२ ची फायनल, टांगुई नाही, कुणीच नाही, तर हा गडी स्वतःच स्वतःचा रॅबिट झाला. पहिला लॅप ४९.२८, दुसरा ५१.६३, एकूण १:४०.९१, वर्ल्ड रेकॉर्ड, तो आजही तसाच आहे. मागे पळणाऱ्यांचं काय झालं ते बघितलंत तर रॅबिट म्हणजे काय हे पटकन कळेल: शेवटचा, आठवा आलेला अँड्र्यू ओसागी १:४३.७७ पळाला, आणि या वेळेत आधीच्या तिन्ही ऑलिम्पिकचं सोनं मिळालं असतं. एका माणसाने पुढे राहून सातजणांना ओढत नेलं आणि वर सोनंही स्वतःकडेच ठेवलं. मला कुणी एकच शर्यत दाखवायला सांगितली तर मी हीच दाखवतो, दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

पण सगळे रुडिशा नसतात. नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन घ्या. मीटमध्ये, पुढे चांगला रॅबिट असला की याच्यासारखा माणूस नाही, जुलै २०२४ ला मोनॅकोत ३:२६.७३ पळाला. महिनाही झाला नव्हता आणि पॅरिस ऑलिम्पिकची फायनल आली. रॅबिट नाही, शेवटच्या दोनशेत याच्यापेक्षा फास्ट असणारे दोन-तीन तरी आहेत हे त्याला पक्कं माहीत, मग करायचं काय, पहिला लॅप ५५ च्या आत काढला आणि तसाच ओढत राहिला, बाकीच्यांना दमवायला. ते दमलेच नाहीत. कोल हॉकर ३:२७.६५, जॉश कर ३:२७.७९, यारेड नुगुसे ३:२७.८०, आणि हा चौथा, ३:२८.२४. तिघांनाही आयता रॅबिट मिळाला होता, तोही ऑलिम्पिक चॅम्पियन दर्जाचा. २०२२ ला जेक वाइटमन, २०२३ ला जॉश कर, वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये दोन्ही वेळा साधारण हीच गोष्ट, पाव सेकंदाने सोनं गेलं. लोक याला गर्विष्ठ म्हणतात, असेलही, पण पुढे राहून हरायची तयारी ठेवणारा माणूस मला तरी आवडतो.

आता लाइटबद्दल. हल्ली ट्रॅकच्या आतल्या कडेला छोटे दिवे लावलेले असतात, वेव्हलाइट म्हणतात, आणि ठरवलेल्या स्पीडने तो उजेड पुढे पुढे पळत जातो. रॅबिट गेला तरी दिवा जात नाही! खेळाडूला कळतं आपण मागे आहोत की पुढे, बघणाऱ्यालाही कळतं, आणि इथे माझी थोडी कुरकुर आहे, कारण सगळ्यांचे डोळे मग दिव्यावर जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या नंबरसाठी जी मारामारी चाललेली असते ती कुणी बघतच नाही. पण हेही खरंय की दिवा वारा अडवत नाही. समोर दिवा असला तरी शेवटचे पाचशे-सहाशे मीटर एकट्यानेच पळायचे असतात.

केनियाच्या फेथ किपयेगॉनच्या २०२५ च्या उन्हाळ्यात हा फरक अगदी स्वच्छ दिसला. २६ जूनला पॅरिसमध्ये चार मिनिटांच्या आत मैल पळायचा प्रयत्न केला, त्यासाठी १३ पेसमेकर, त्यात पुरुषही, काही पुढे काही मागे, वारा अडवायला नीट आखून उभे केलेले. वेळ आली ४:०६.४२. तिचा स्वतःचा मैलाचा रेकॉर्ड ४:०७.६४, म्हणजे एवढं सगळं करून सव्वा सेकंदाचा फरक, आणि ती वेळ रेकॉर्ड म्हणून धरली जात नाही ते वेगळंच. मग नऊ दिवसांनी अमेरिकेतल्या युजीनच्या मीटमध्ये, नेहमीच्या नियमांत, नेहमीच्या रॅबिटच्या मागे, पंधराशे ३:४८.६८, नवा वर्ल्ड रेकॉर्ड. मला तर दुसरीच शर्यत जास्त भारी वाटली, पहिलीत पूर्ण वेळ ती लोकांच्या घोळक्यात दिसतच नव्हती.

राहिला तो तिसरा प्रश्न, जो लहान मुलं जास्त विचारतात आणि तोच खरं तर सगळ्यात चांगला आहे: तो रॅबिट थांबलाच नाही तर? तर काही नाही, तो शर्यतीतच आहे, जिंकला तर जिंकला. ओस्लोच्या बिसलेट स्टेडियमवर जून १९८१ ला हे झालंय. टॉम बायर्स नावाचा अमेरिकन रॅबिट होता, मागे स्टीव्ह ओव्हेट, म्हणजे तेव्हाचा पंधराशेचा वर्ल्ड रेकॉर्डवाला. मागच्यांनी याला जाऊ दिलं, थांबेलच की कुठेतरी म्हणून, अंतर वाढत वाढत गेलं, आणि बायर्सने बघितलं की कुणीच येत नाहीये, तर पळतच राहिला. ओव्हेटने शेवटी जीव खाऊन स्प्रिंट मारली पण बायर्स ३:३९.०१, ओव्हेट ३:३९.५३.

आणि दुसरं उदाहरण याहून मोठं. रोमला अल गेरूजने ३:२६.०० केला ना, त्या दिवशी त्याच्या रॅबिटपैकी एक होता केनियाचा नोआ न्गेनी, वय वीससुद्धा नाही. पुढच्या वर्षी त्याच रोममध्ये अल गेरूजने मैलाचा रेकॉर्ड केला, ३:४३.१३, तेव्हा न्गेनी रॅबिट नव्हता, शेवटपर्यंत त्याच्या पाठीला चिकटून होता आणि दुसरा आला, ३:४३.४०. आणि २००० साली सिडनीत, ऑलिम्पिक फायनलला, शेवटच्या सरळ पट्ट्यावर बाजूने येऊन त्याने अल गेरूजला पाव सेकंदाने हरवलं, ३:३२.०७. अल गेरूजला ऑलिम्पिकचं सोनं मिळायला मग अथेन्स २००४ उजाडलं, तेही बर्नार्ड लगातला जेमतेम बारा शतांश सेकंदांनी मागे टाकून.