दवाखान्यातून सुटल्यापासून मैदानात उतरेपर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापुरात ताकदीचे महत्त्व कोणाला पटवून द्यावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीने 1912 साली उभे राहिलेले खासबाग मैदान इथे आहे, 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते, आणि जोर, बैठका, खुराक हे शब्द लहान मुलांच्याही तोंडी असतात. उणीव होती ती दुसरीकडे. गुडघ्याचे ऑपरेशन झालेला खेळाडू घरी आला, फिजिओथेरपीचे सुरुवातीचे आठवडे संपले आणि तो नीट चालू लागला, की त्यापुढचे महिने त्याने नेमके काय करायचे, हे सांगणारे त्याला सहसा कोणी भेटत नसे. त्या मधल्या महिन्यांसाठी आम्ही ताकदीच्या व्यायामाचे हे केंद्र काढले. मी शारीरिक शिक्षणातला आणि माझे भागीदार फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे कामाची वाटणी आपसूकच झाली.

परदेशी साधने परवडणारी नव्हती. परंतु उद्यमनगरची कारखान्यांची वसाहत हाकेच्या अंतरावर असताना त्यावाचून अडण्याचे कारण नव्हते. वजने पेलणारा रॅक तिथल्याच एका फॅब्रिकेटरने बनवून दिला आणि वजनाच्या ओतीव लोखंडी प्लेटा शिरोलीच्या फौंड्रीतून आल्या. ओतकामात प्रत्येक नगाचे वजन थोडे कमी-जास्त भरते, म्हणून प्रत्येक प्लेट काट्यावर ठेवून तिचे खरे वजन पांढऱ्या रंगाने तिच्यावरच लिहिले, आणि अर्ध्या किलोच्या पातळ चकत्या लेथवर कापून घेतल्या. पाहणाऱ्यांना हा सोपस्कार अनाठायी वाटे. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय पूर्ववत केले ते वजन मोजून आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवूनच. 1945 साली त्याने मांडलेले हे तत्त्व आजही आमच्या कामाचा पाया आहे, आणि मोजमापाशिवाय ते पाळता येत नाही.

आमच्याकडे सर्वांत जास्त येतात ते एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारी आतली दोरी (लिगामेंट), तुटलेले फुटबॉलपटू. पेठापेठांतली चुरस आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मुलांची घाई वेगळी सांगायला नको. अडचण अशी की, ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी दुखणे थांबते, सूज उतरते आणि मुलगा म्हणतो, "सर, मला आता काहीच होत नाही." गुडघ्यात बसवलेली नवी दोरी नेमकी त्याच सुमारास सर्वांत कमकुवत असते, कारण शरीर तिला आतून नव्याने घडवत असते. म्हणून आम्ही त्याच्याशी वाद घालत नाही, मोजून दाखवतो. गुडघ्याच्या वाटीच्या वर ठरावीक अंतरावर दोन्ही मांड्यांचा घेर टेपने घेतो, एका पायाने लेग प्रेस (पायाने वजन ढकलण्याचा व्यायाम) करायला लावतो आणि पुढे योग्य वेळ आली की जमिनीवर आखलेल्या पट्टीवर एका पायाने उडी मारायला सांगतो. दुखावलेल्या पायाची ताकद आणि उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के झाल्याखेरीज, आणि ऑपरेशनला नऊ महिने पूर्ण झाल्याखेरीज, आम्ही सामन्यासाठी होकार देत नाही. या आग्रहापायी काही खेळाडू मध्येच सोडून गेले, एका संघाने आमच्याशी संबंधच तोडला. तरीही हा नियम आम्ही सैल केलेला नाही आणि करणारही नाही, कारण नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका स्पष्टपणे जास्त असतो.

पैलवानांचे गणित निराळे. पुस्तकी आराखड्यात वर्षाकाठी एक-दोन मोठ्या स्पर्धा धरलेल्या असतात. इथे मात्र जत्रा-यात्रांचा हंगाम लागला की गावोगावी मैदाने भरतात आणि इनामाची कुस्ती सोडणे कोणालाच परवडत नाही. अशा वेळी आम्ही नवी ताकद कमवण्याचा हट्ट धरत नाही. वजन जड ठेवून सेट कमी केले, तर आठवड्यातून एक-दोन वेळच्या व्यायामानेही कमावलेली ताकद टिकते. तालमीतली पहाटेची मेहनत आम्ही बंद करत नाही; वस्तादांना विचारल्याशिवाय तिच्यात फेरफारही करत नाही.

नेमबाजांना ताकद कशाला हवी, असे पूर्वी विचारले जाई. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकल्यापासून हा प्रश्न कमी झाला. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून प्रत्येकी 20 नेम धरावे लागतात, आणि उभ्याने नेमताना कंबर एका बाजूला कलून तशीच स्थिर राहते. त्यामुळे पाठ आणि पोट यांची तग धरण्याची क्षमता, तसेच दोन्ही बाजूंचा समतोल, यांवरच आमचा भर असतो.

व्यवसाय म्हणून हे काम संथ आहे. अनेक घरांतून फी ऊसबिल जमा झाल्यावर येते आणि ते आम्हाला मान्य आहे. मध्येच खंड पडण्यापेक्षा फी उशिरा आलेली बरी. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आम्ही दर महिन्याला चाचण्यांचे आकडे लेखी कळवतो, आणि आता काही डॉक्टर रुग्ण पाठवतानाच त्या आकड्यांची विचारणा करतात. यंदापासून पावसाळा सरला की पेठांतल्या संघांना 'फिफा 11+' हा दुखापती टाळण्यासाठीचा साधारण 20 मिनिटांचा वॉर्मअप मैदानावर जाऊन विनामूल्य शिकवण्याचे काम आम्ही हाती घेत आहोत. सुरुवात शाळकरी मुलींच्या संघांपासून होईल, कारण एसीएलची दुखापत होण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना जास्त असतो.