शनीशेजारचा ठिपका

शनीशेजारच्या ठिपक्याबद्दल तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. गच्चीवर माझी चार इंची दुर्बीण लावली, की शनीची कडी पाहून झाल्यावर (साडेसातीच्या धास्तीने आधी डोळा लावायला काचकूच करणारेसुद्धा शेवटी पाहतातच) बहुतेक जण एकच प्रश्न करतात: "बाजूला तो बारीक ठिपका आहे, तो तारा का?" तो तारा नव्हे, शनीचा सर्वांत मोठा चंद्र, टायटन, आणि माझ्या लेखी कड्यांपेक्षा तोच अधिक पाहण्यासारखा आहे.

डच खगोलशास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांना तो १६५५ मध्ये असाच ठिपका दिसला होता. १९८० मध्ये नासाचे व्हॉयेजर-१ हे यान त्याच्या जवळून गेले, त्यासाठी प्लूटोकडे वळण्याची वाट सोडून दिली गेली, आणि हाती आले ते केवळ नारिंगी धुके. बुध ग्रहाहून मोठ्या असलेल्या या चंद्राला नायट्रोजनचे दाट वातावरण आहे, त्याचा दाब पृथ्वीच्या दीडपट भरतो आणि त्या धुक्यातून खालची जमीन दिसत नाही.

ती दिसली १४ जानेवारी २००५ रोजी. हायगेन्सच्याच नावाचे एक छोटे यान शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानापासून सुटून पॅराशूटच्या आधाराने सुमारे अडीच तास खाली उतरत राहिले, आणि वाटेत त्याने टिपलेल्या चित्रांत टेकड्यांवरून फाटे फुटत उतरणारे ओहोळ दिसले. जमिनीवर टेकल्यानंतरचे चित्र तर कोणत्याही नदीच्या कोरड्या पात्रात बसून काढल्यासारखे आहे: ओलसर वाळूसारखी माती आणि तिच्यावर पसरलेले, कडा झिजून गुळगुळीत झालेले गोटे. फरक इतकाच, की ते गोटे पाण्याच्या बर्फाचे आहेत, कारण उणे १७९ अंश सेल्सिअसला बर्फ दगडासारखाच टणक असतो, आणि त्यांना घासणारा प्रवाह द्रवरूप मिथेनचा. तिथे पाऊसही मिथेनचाच पडतो. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सातव्या हिश्श्याइतके असल्याने त्याचे टपोरे थेंब अगदी सावकाश खाली येतात.

एक हळहळ मात्र राहिली. छोट्या यानाचे संदेश घेणाऱ्या कॅसिनीवरच्या दोन रेडिओ चॅनेलांपैकी एक सुरू करण्याची आज्ञा द्यायची राहून गेली आणि निम्मी चित्रे कायमची गेली. त्याच चॅनेलवर अवलंबून असलेले वाऱ्याचे मापन पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी यानाचा क्षीण संदेश थेट पकडल्यामुळे वाचले.

आता आठ रोटरांचे, टायटनवर उडत फिरणारे नासाचे ड्रॅगनफ्लाय हे यान २०२८ मध्ये निघणार असून २०३४ च्या सुमारास तिथे पोहोचेल, असे नियोजन आहे. हवा दाट आणि वजन कमी, त्यामुळे उडायला टायटनसारखी सोयीची जागा नाही.

तूर्त तुम्हाला गच्चीवरून एवढेच करता येईल: आज ठिपका शनीच्या कोणत्या बाजूला आहे ते कागदावर टिपून ठेवा आणि आठ दिवसांनी पुन्हा या. त्याची एक प्रदक्षिणा सुमारे सोळा दिवसांची असते, तेव्हा तो दुसऱ्या बाजूला गेलेला असेल.