सात गावांची पालखी : तिरुवैयारूच्या सप्तस्थान उत्सवात चालताना

पंढरीच्या वारीत देव विटेवर उभा असतो आणि संतांच्या पादुका पालखीत ठेवून आपण त्याच्याकडे चालत जातो. तमिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यात मात्र वर्षातून एकदा देवच देऊळ सोडून शेजारच्या सहा गावांना भेटायला निघतो आणि भक्त त्याच्यामागून चालतात. या उत्सवाला सप्तस्थान म्हणतात. तिथले लोक साधेपणाने ‘एळूर’, म्हणजे सात गावे, एवढेच म्हणतात. आषाढी वारीत चाललेली असल्यामुळे या पालखीबरोबर चालण्याची इच्छा मला बरीच वर्षे होती.

तिरुवैयारू हे गाव तंजावर शहराच्या उत्तरेस सुमारे 13 किलोमीटरांवर कावेरीच्या काठी आहे. संगीतप्रेमी मराठी माणसाला ते कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या समाधीमुळे माहीत असते, कारण पुष्य वद्य पंचमीला तिथे होणाऱ्या आराधनेला देशभरातून गायक-वादक येतात. परंतु गावाचे मूळ दैवत म्हणजे पंचनदीश्वर शिव, ज्याला तमिळ भक्त अय्यारप्पर म्हणतात, आणि त्याची शक्ती धर्मसंवर्धिनी. या देवाच्या यात्रेमागची कथा अगदी घरगुती आहे. शिलाद मुनींचा मुलगा नंदी याला शिवाने पुत्रवत सांभाळले आणि सुयशा नावाच्या मुलीशी त्याचे लग्न लावून दिले. लग्न कोळ्ळिडम नदीच्या पलीकडे तिरुमळपाडीला झाले. त्या कार्यासाठी एका गावाने फळे दिली, दुसऱ्याने अन्न, तिसऱ्याने वेदपाठी ब्राह्मण, चौथ्याने दागिने, पाचव्याने फुले आणि सहाव्याने तूप. कार्य पार पडल्यावर मदतीला धावून आलेल्यांचे आभार मानायला आणि नव्या सुनेला दाखवायला सासऱ्याने जोडप्यासह घरोघर जावे, तशी ही यात्रा आहे. हे लग्न दर वर्षी तमिळ पंगुनी महिन्यात लागते आणि पुढच्या चित्तिरै महिन्यात, ब्रह्मोत्सव या देवळाच्या वार्षिक उत्सवाच्या अखेरीस, विशाखा नक्षत्राच्या सुमारास पालख्या निघतात. आपल्या पंचांगाने हा काळ कधी चैत्र पौर्णिमेनंतर, तर कधी वैशाख पौर्णिमेच्या आगेमागे येतो.

माझा मुक्काम तंजावरमधल्या एका मराठी कुटुंबाकडे होता. व्यंकोजीराजांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते, पण तिचा सूर तमिळ झाला आहे आणि तिच्यातले काही शब्द आपल्याकडे आता फक्त बखरीत सापडतात. आदल्या संध्याकाळी घरच्या सूनबाई मला बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेल्या. राजराज चोळाने 1010 साली पूर्ण केलेल्या त्या देवळाच्या प्राकारात दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. एका चोळ मंदिराच्या भिंतीवर ओळींमागून ओळी मराठी वाचताना वाटणारा अभिमान थोडा संकोचाचाही असतो. भोवतालच्या तमिळ शिलालेखांपुढे आपण पाहुणे आहोत हे तिथे सहज कळते. रात्री आजींना मी वारीविषयी सांगत होते. सगळे ऐकून त्यांनी विचारले, “मग पंढरपूरचा देव कुणाकडेच जात नाही का गं?” पुंडलिकासाठी तो आधीच येऊन थांबला आहे, असे उत्तर मी दिले, त्यांना ते पटलेले दिसले नाही.

पहाटे आम्ही अय्यारप्परच्या देवळात पोहोचलो. दक्षिण दारापाशी आट्कोंडार या देवाचे स्थान आहे आणि तिथल्या कुंडात गुग्गुळ जळत असतो. त्या धुराचा वास अंगावरच्या साडीला दिवसभर राहिला. हे देऊळ धर्मपुरम अधीनम या शैव मठाकडे आहे. आवार इतके विस्तीर्ण आहे की राजराजाच्या आणि राजेंद्राच्या राण्यांनी बांधलेली उत्तर कैलास व दक्षिण कैलास ही दोन स्वतंत्र मंदिरे त्यात सामावली आहेत. इथे कैलास येण्याचे कारण संत अप्पर. सातव्या शतकातला हा वृद्ध शैव संत कैलासाच्या दर्शनासाठी पायी निघाला, पाय झिजले तेव्हा हातांवर सरपटत राहिला आणि शेवटी देवाच्या आज्ञेवरून त्याने एका तळ्यात बुडी मारली, तो तिरुवैयारूच्या पुष्करिणीतून वर आला. ज्याच्यासाठी हिमालयापर्यंत जायचे ते त्याला या गावातच, प्राण्यापक्ष्यांच्या जोड्यांमध्ये, दिसले. पायी यात्रा करणाऱ्या माणसाला ही कथा एकाच वेळी धीर देते आणि बेचैनही करते.

पालख्या दोन होत्या. आरशांनी मढवलेल्या पालखीत अय्यारप्पर आणि धर्मसंवर्धिनी बसले होते. दुसरी पालखी नंदी व सुयशा यांची, आणि ती वाळ्याने सजवलेली असते. वाळ्यावर पाणी शिंपडले की भोवतालच्या चार पावलांपर्यंत गार सुगंध पसरतो, आणि ऐन उन्हाळ्यात नवदांपत्यासाठी केलेली ही सोय पाहून मला देवापेक्षा ती सुचणाऱ्या माणसांचे कौतुक वाटले. पालखी वाहणाऱ्यांना इथे ‘श्रीपादम्’ म्हणतात. खांद्यावर घडी घातलेले उपरणे, त्यावर जाड वेळूचा दांडा, आणि थांब्याला दांड्याखाली लावायची टेकणाची काठी प्रत्येकाच्या हातात. पुढचा माणूस तोंडाने एक आवाज काढी, मागचे त्याला प्रतिसाद देत आणि सगळ्यांची पावले एकदम पडत.

आपल्या वारीतली दिंड्यांची शिस्त, विणेकरी, टाळकऱ्यांच्या रांगा असे इथे काही नाही. पुढे नागस्वरम् आणि तविल, त्यामागे शैव वाद्यांचा गजर, मग पालख्या, आणि पालख्यांमागे तेवारमची, म्हणजे शैव संतांची तमिळ, पदे गाणारे ओदुवार. बाकीचे लोक आपल्या गतीने, कुणी बोलत, कुणी ‘नमः शिवाय’ म्हणत चालतात. सामूहिक गजरात स्वतःला विसरण्याची सवय असलेल्या वारकऱ्याला ही यात्रा सुरुवातीला काहीशी विस्कळीत वाटते, आणि मलाही ती तशी वाटली. पण इथे खरा सोहळा रस्त्याच्या कडेला असतो. प्रत्येक दारापुढे सडा आणि कोलम, म्हणजे रांगोळी, दारात नारळ-केळ्यांचे ताट घेऊन उभे असलेले कुटुंब. पालखी थांबते, आरती होते, विभूती मिळते आणि पालखी पुढच्या दारी जाते. पाहुणा दारी आला की त्याला तसेच कसे जाऊ द्यायचे, हा त्यामागचा भाव आहे.

पहिले गाव तिरुप्पळनम, लग्नाला फळे देणारे. तिथला शिव आपत्सहायेश्वर. जवळच तिंगळूर आहे, जिथे नवग्रहांपैकी चंद्राचे क्षेत्र म्हणून लोक जातात. परंतु मला त्या गावाचे महत्त्व अप्पूदी अडिगळ या गृहस्थासाठी अधिक वाटते. अप्परला कधी पाहिलेलेही नसताना त्याने आपली मुले, धर्मशाळा आणि पाणपोई या साऱ्यांना अप्परचे, म्हणजे तिरुनावुक्करसर हे नाव दिले होते. एकदा चालत आलेला अप्पर पाणपोईवर स्वतःचेच नाव वाचून चकित झाला. हे ऐकलेले असल्यामुळे वाटेवरच्या प्रत्येक मांडवाकडे मी वेगळ्या नजरेने पाहत होते. नारळाच्या झावळ्यांचे हे मांडव थोड्या थोड्या अंतरावर असतात आणि तिथे नीर मोर, म्हणजे मिरची, आले व कढीलिंब घातलेले पातळ ताक, आणि गूळ-सुंठीचे पानगम मिळते. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या हातात पेला ठेवलाच जातो.

तिरुप्पळनमहून पालख्या नदी ओलांडून दक्षिणेला वळतात. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे पाणी शेतीसाठी सोडण्याचा रूढ दिवस 12 जून असल्यामुळे चित्तिरै महिन्यात कावेरी म्हणजे बहुतांश वाळूचे पात्र असते. नद्यांच्या गावची ही यात्रा पाणी नसतानाच्या दिवसांत होते. वाळू तापलेली होती, पालखीवाल्यांची अनवाणी पावले घोट्यापर्यंत रुतत होती आणि तरीही त्यांचा ताल मोडत नव्हता. आम्ही मात्र पदर डोक्यावरून घेऊन, कुडमुरुट्टी नदीच्या काठची झाडे दिसेपर्यंत एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही.

तिरुच्चोट्रुत्तुरै हे अन्न देणाऱ्यांचे गाव. शिवाचे नाव ओदनवनेश्वर, देवी अन्नपूर्णा, आणि दुष्काळात भुकेलेल्या भक्ताला देवाने इथे अक्षय पात्र दिले अशी श्रद्धा. त्या नावाला जागण्याची जबाबदारी गावकऱ्यांनी आजही अंगावर घेतलेली दिसते. केळीच्या पानावर चिंचेचा भात, दहीभात आणि लोणचे वाढले जात होते. वाढणारे हात थांबत नव्हते आणि कोण कुठून आले हे कुणी विचारत नव्हते. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर बांधलेली अन्नछत्रे मला इथे आठवली. सरफोजींचे ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांतले प्रसिद्ध. मराठी सत्तेने या जिल्ह्याला काय दिले, असे कुणी विचारले तर वाड्यांच्या आधी छत्रांचे नाव घ्यावे असे माझे मत आहे, कारण या मातीत अन्नदानाची परंपरा आधीच होती आणि राजांनी तिच्यात आपली भर घातली.

तिरुवेदिकुडी लहान आहे. वेदांनी शिवाची पूजा केली ती ही जागा. आरती झाली, पालखी निघाली. तिरुक्कंडियूरला मात्र थांबायला हवे. शिवाच्या आठ पराक्रमस्थळांपैकी, म्हणजे अष्ट वीरट्टानांपैकी, हे एक. इथे त्याने ब्रह्मदेवाचे पाचवे शिर तोडले. ज्याचा गर्व उतरवला त्या ब्रह्मदेवाची सरस्वतीसह बसलेली सुंदर मूर्तीही याच देवळात आहे. समोरच्या बाजूला हरशापविमोचन पेरुमाळ या विष्णूचे देऊळ असून ते वैष्णवांच्या 108 दिव्यदेशांपैकी, म्हणजे पवित्र विष्णुस्थानांपैकी, आहे. हाताला चिकटलेली ब्रह्मदेवाची कवटी सुटावी म्हणून शिवाला विष्णूकडे यावे लागले, असे तिथली कथा सांगते. अपराध, शाप आणि उःशाप अशा तिन्ही गोष्टी एका गावात, आणि हर-हरीचा सारा हिशेब रस्त्याच्या दोन बाजूंना मिटलेला.

दुपार कलताना आम्ही फुलांच्या गावी, तिरुप्पून्तुरुत्तीला पोहोचलो. तरंग या संस्कृत कृष्णगीतांचे कर्ते नारायणतीर्थ यांची समाधी इथेच आहे. अप्परने उतारवयात इथे मठ स्थापला होता. बालसंत संबंधर त्याला भेटायला पालखीतून येत आहे असे कळल्यावर अप्पर गर्दीत शिरला आणि कुणाच्या लक्षात येऊ न देता त्याने त्या मुलाच्या पालखीचा दांडा आपल्या खांद्यावर घेतला. गावाजवळ आल्यावर संबंधराने विचारले, “अप्पर कुठे आहेत?” उत्तर पालखीखालून आले. ते ऐकताच संबंधर खाली उतरला आणि दोघे एकमेकांच्या पाया पडले. लहानथोर एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात हे आपल्या वारीत मी किती वेळा पाहिले असेल. इथे तर पालखीच्या दांड्याखालीच ते घडले होते. ही कथा मला एका श्रीपादम् गृहस्थांनी मोडक्या इंग्रजीत सांगितली. टेकण लावून ते दांड्याशेजारी उभे होते, उपरण्याखाली खांद्यावर जुना घट्टा होता आणि कथा संपताच, दुसऱ्या कुणी जागा घ्यायच्या आत, ते पुन्हा दांड्याखाली गेले.

तुपाचे गाव तिल्लैस्थानम कावेरीच्या उत्तर काठी आहे, म्हणून पुन्हा नदी ओलांडावी लागते. एव्हाना प्रत्येक गावचा देव आपली पालखी घेऊन निघालेला असतो. आभार मानायला आलेल्या पाहुण्याला पोचवायला यजमानही सोबत येतात. रात्री सातही पालख्या तिथे एकत्र येतात आणि नदीपात्रात शोभेचे दारूकाम होते. वाळूत चटया टाकून अख्खी गावे बसलेली होती. मुले आकाशाकडे बघत होती, म्हाताऱ्या बायका मात्र कोणत्या गावची पालखी अधिक सजली आहे यावर वाद घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी सातही पालख्या तिरुवैयारूला परतल्या. रथ जिथे उभा राहतो त्या जागेजवळ एक बाहुली दोरीच्या करामतीने देवांवर फुले टाकते. एवढे चालून शेवटी पाहायचे ते हे, असे एखाद्याला वाटेल, पण बाहुलीने एकेका पालखीवर फुले टाकली की त्या त्या गावचे लोक अशा आनंदाने ओरडतात की आपणही ओरडू लागतो. मग सहा पालख्यांनी निरोप घेतला आणि प्रत्येक देव आपापल्या वाटेने घरी निघाला.

रात्री पाय गरम पाण्यात सोडून बसले असताना आजी म्हणाल्या, “लग्न न पाहताच तू वरात पाहिलीस. आता पंगुनीत ये, तिरुमळपाडीला जाऊ.” नंदीचे लग्न पाहणाऱ्याचे स्वतःचे लग्न लवकर जमते अशी तमिळमध्ये म्हण आहे. ती त्यांनी मोठ्याने म्हटली आणि घरातला अविवाहित नातू काही कामाचे निमित्त काढून बाहेर निघून गेला. त्यालाही बरोबर न्यायचे, असे सूनबाईंनी आणि मी तिथेच ठरवून टाकले.