डिस्क लावली की नेट जातं

"अरे, डिस्क लावली की नेट जातं. काढली की येतं." काकूंनी हे मला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. मी ते ऐकलं, पण धरून ठेवलं नाही. मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, आणि बारा वर्षांत एवढं नक्की बघितलंय की नेट गेलं तर दोष बहुतेक वेळा राउटरचा, ड्रायव्हरचा (म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा), नाहीतर बाहेरच्या केबलचा निघतो. हार्ड डिस्कचा कधीच नाही.

काकू चरईत राहतात. जुनी तीन मजली इमारत, हातभर जाड भिंती. राउटर बाहेरच्या खोलीत आणि कॉम्प्युटर आतल्या, रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या खोलीत, कारण तिथेच शांतता. ती शांतता त्यांना कामासाठी लागते. निवृत्त झाल्यापासून त्या अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. एकेका धड्याची फाइल दीडशे-दोनशे एमबीची. ती बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कवर ठेवायची आणि एका संस्थेकडे ऑनलाइन पाठवायची, तिथून मुलांना मिळते. हे सगळं जानेवारीत चाललं होतं, आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीत.

कॉम्प्युटर साधा डेस्कटॉप, आत वाय-फाय नाही, म्हणून मागे वाय-फाय पकडणारा नखाएवढा यूएसबी डोंगल लावलेला. पहिल्या खेपेला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "हा लावला की कॉम्प्युटरला सीडीचं चित्र दिसतं, माझ्याकडे तर सीडीचं काही नाहीच." ते त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. असे बरेच छोटे डोंगल पहिल्यांदा लावल्यावर स्वतःला सीडी म्हणून दाखवतात, कारण त्यांचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात भरलेला असतो. तो एकदा टाकला की डोंगल खऱ्या रूपात येतो. काकूंच्या डोंगलमधला ड्रायव्हर जुना निघाला, नवा हवा होता, आणि नेटशिवाय नवा ड्रायव्हर उतरवणार कसा? अशा वेळी मी मोबाइल चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडतो आणि फोनमधलं यूएसबी टेदरिंग चालू करतो. फोनचं नेट तारेतून मिळतं, ड्रायव्हर येतो, काम होतं. त्या दिवशीही झालं. वाय-फाय झकास चालू. मी पैसे घेतले आणि निघालो.

आता कळतं की मी काय केलं होतं. डोंगलपर्यंत हात पोचावा म्हणून मी शेजारची हार्ड डिस्क उपसून बाजूला ठेवली होती. माझी सगळी तपासणी डिस्क काढलेली असतानाच झाली.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. आमच्या दुकानातला दुसरा मुलगा गेला, नवा डोंगल लावून आला, तसाच छोटा. पुन्हा फोन. मग काकूंनी दुसरीकडून कुणाला बोलावलं. त्याने विंडोज नव्याने टाकायला सांगितलं आणि मदरबोर्ड गेला असेल असंही म्हणाला. काकूंनी मात्र हातपाय गाळले नव्हते. त्या दोन-दोन फाइली कॉम्प्युटरवर उतरवायच्या, टेबलामागे वाकून डिस्क काढायच्या, फाइली पाठवायच्या, पुन्हा वाकून डिस्क लावायच्या. वय एकाहत्तर. एकदा पाठ धरली तेव्हा त्यांनी मला पुन्हा फोन केला. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

मी रात्री नऊच्या सुमारास गेलो. या वेळी काहीच काढलं नाही. टेबलामागे टॉर्च घेऊन बसलो आणि म्हटलं, "काकू, तुम्ही रोज करता तसंच करा."

त्यांनी आधी एक वही समोर ठेवली. दोनशेपानी, आखीव. त्यात तारीख, वेळ आणि एक-एक ओळ: डिस्क लावली, नेट गेलं. डिस्क काढली, आलं. डिस्क लावून नुसती ठेवली, नेट आहे पण रांगतंय. फाइल उघडली, गेलं. दोन पानं भरून. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: "तेव्हा माऊसही अडखळतो."

मी ती ओळ दोनदा वाचली. माऊस बिनतारी होता. त्याचा वाय-फायच्या ड्रायव्हरशी काही संबंध नाही, राउटरशी नाही, विंडोजच्या नेट सेटिंगशी नाही. दोघांत समान असं एकच, दोघंही रेडिओलहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत बोलतात. ही पट्टी आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येते, त्यामुळे वाय-फाय, ब्लूटूथ, माऊस, सगळे तिथेच गर्दी करून असतात. दोघांचे एकाच वेळी कान बंद होत असतील तर जवळ कुणीतरी त्याच पट्टीत ओरडतंय.

कॅबिनेटच्या मागे निळ्या रंगाच्या दोन यूएसबी खाचा होत्या, एकीवर एक. निळ्या म्हणजे यूएसबी ३.०. एकीत हार्ड डिस्क, दुसरीत डोंगल. मध्ये बोटभरही अंतर नाही. माऊसचा रिसीव्हर त्यांच्या शेजारीच.

इंटेलने २०१२ साली याच विषयावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं. मी ते फार पूर्वी वाचलं होतं, आणि चरईतल्या त्या जमिनीवर बसून मला ते आठवलं. यूएसबी ३.० मध्ये माहिती सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने धावते. त्या वेगाने विजेचे चढउतार झाले की केबल, तिचं टोक आणि डिस्कची जोडणी, तिन्हींतून रेडिओचा गोंगाट पाझरतो, आणि तो एका जागी न थांबता ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो. वाय-फायची पट्टी त्याच्या ऐन मध्यात येते. इंटेलच्या मोजणीत डिस्क जोडल्यावर या पट्टीतला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढला होता, म्हणजे शंभरपट. काकूंच्या डोंगलला दोन जाड भिंतींपलीकडून आधीच बारीक आवाज येत होता. तो बुडणारच.

काकूंना हे समजावताना मला उदाहरण शोधावं लागलं नाही. मी "गोंगाट" म्हटल्याबरोबर त्याच म्हणाल्या, "म्हणजे स्वयंपाकघरात मिक्सर लावून रेकॉर्डिंग करायचं तसं. नंतर कितीही साफ केलं तरी शब्द परत येत नाहीत." अगदी तसंच. गोंगाट आणि काम एकाच पट्टीत असल्यामुळे फिल्टर लावूनही तो वेगळा काढता येत नाही. माणसाला मिक्सरपासून लांब बसवावं लागतं.

पण आधी खात्री करायची होती, आणि साडेनऊला दुकानं बंद. त्या डिस्कचं तोंड रुंद, दोन भागांचं होतं. त्यातल्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची चपटी मायक्रो यूएसबी केबल नीट बसते, हे फार जणांना ठाऊक नाही. तशी लावली की डिस्क यूएसबी २.० च्या वेगाने चालते. हळू, पण ५ गिगाबिटचा तो गोंगाट राहत नाही. काकूंच्या खणात जुन्या फोनची एक केबल निघाली. लावली. डिस्क दिसली. फाइल उघडली. नेट जागच्या जागी. माऊसही सरळ चालला. पुन्हा मूळची केबल लावली, तर अर्ध्या मिनिटात यादीतून शेजाऱ्यांची वाय-फाय नावं एकेक करून नाहीशी झाली आणि शेवटी काकूंचंही गेलं. मी हे चार वेळा केलं. खरं तर दोनदा पुरलं असतं, पण मला ते डोळे भरून बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन गेलो. डोंगल कॅबिनेटच्या पुढच्या काळ्या खाचेतून वर नेऊन पुस्तकांच्या कपाटावर चिकटपट्टीने बसवला, माऊसचा रिसीव्हरही पुढे आणला. डिस्क तिच्या मूळच्या केबलवर, पूर्ण वेगाने, मागेच राहिली. रेंजच्याही दोन दांड्या वाढल्या, कारण डोंगल आता पत्र्याच्या कॅबिनेटमागून बाहेर आला होता. त्या खेपेचे, आणि आदल्या रात्रीच्या खेपेचेही, पैसे मी घेतले नाहीत. काकू ऐकत नव्हत्या, तेव्हा चहा घेतला.

चौदा फाइली साठलेल्या होत्या. त्या एका ओळीत लावल्या आणि आम्ही बसून राहिलो. मधे त्यांनी मला इतिहासाचा एक धडा ऐकवला, नुकताच वाचलेला. सनावळ्यांपाशी त्या किंचित थांबतात, ऐकणाऱ्याला ब्रेलमध्ये टिपून घेता यावं म्हणून. साडेआठला चौदावी फाइल गेली. काकूंनी वही ओढली, तारीख घातली, घड्याळाकडे बघून वेळ घातली आणि लिहिलं: डिस्क लावलेली आहे, नेट चालू.