१६ इंची उतरवून १५ इंची चाकं

टायरच्या अंगावर १९५/५५ आर १६ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातल्या मधल्या आकड्याकडे माणूस सहसा पैसे मोजायची वेळ आल्यावरच बघतो. माझ्यावर ती वेळ इगतपुरीच्या अलीकडे आली. भर पावसातला मुंबई-आग्रा महामार्ग, पाण्याने भरलेला खड्डा, आणि पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. फुगा आला की आतले धागे तुटले असं समजायचं. त्याला पंक्चर काढून चालत नाही, टायर थेट भंगारात.

डिकीतून स्टेपनी काढली तर ती १५ इंची निघाली, १८५/६५. वरच्या मॉडेलला चकचकीत अलॉय द्यायचे आणि स्टेपनी मात्र खालच्या मॉडेलची ठेवायची, हे बऱ्याच गाड्यांत असतं. हळूहळू घरी आलो आणि कागद घेऊन बसलो. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, शेवटचा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचांत. मधला आकडा टक्क्यांचा: टायरच्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिमी, १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिमी. ही उंची वर आणि खाली अशी दोनदा धरून त्यात, एका इंचाला २५.४ मिमी या हिशेबाने, रिमचा व्यास मिळवला, तर दोन्ही चाकांचा एकूण व्यास ६२१ मिमीच्या आसपासच येतो. म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही, पण रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३ मिमी जास्त रबर आणि हवा.

हे १३ मिमी मला हवे होते. आईला मणक्याचा त्रास आहे आणि मागच्या सीटवर ती पुलाच्या प्रत्येक सांध्याला "हळू रे" म्हणायची. आपल्या नाशिकच्या उड्डाणपुलावरून जाताना ते खट्-खट् मलाही नकोसं व्हायचं.

चाकं बदलण्याआधी फुकटचा उपाय केला. सकाळी गाडी थंड असताना हवा तपासली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, चाकांत ३८ भरलेली. पंपावरचा पोरगा विचारत नाही आणि आपण सांगत नाही. ३३ वर आणल्यावर गाडी बरीच निवळली. हा उपाय न करता टायरवर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. तरी सिमेंटच्या रस्त्यावरच्या फटी जाणवतच होत्या.

मग मुंबई नाक्याकडच्या टायरवाल्याकडे गेलो. त्यांना आधी वाटलं मी उलटं बोलतोय. "भाऊ, लोक पंधराचे सोळा करायला येतात, तुम्ही सोळाचे पंधरा करताय?" पण माझं काम त्या लोकांमुळेच सोपं झालं. खालच्या मॉडेलचे, जेमतेम वापरलेले कंपनीचे १५ इंची अलॉय त्यांच्या माळ्यावर पडून होते. माझ्याच गाडीचे असल्याने नट-बोल्ट, मधलं भोक, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) सगळं जुळलं. ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासते का ही भीती असते, पण ते तर स्टेपनीनेच सिद्ध करून दाखवलं होतं.

त्यांनी १९५/६५ घ्या, गाडी उंच होईल, असाही आग्रह केला. त्याचा व्यास ६३४ मिमी होतो. गाडी उचलली जाते फक्त ६-७ मिमी, आणि काटा १०० दाखवेल तेव्हा वेग १०२ असेल. शिवाय कंपनीच्या पुस्तकात तो साइजच नाही. चार माणसं आणि सामान भरून स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तो आत घासेल का, हे कुणी सांगायचं? नको म्हटलं, स्टेपनीचाच १८५/६५ घेतला.

वजन पेलायचा आकडाही बघितला. जुन्यावर ८७ होता, म्हणजे एका टायरला ५४५ किलो; नव्यावर ८८, म्हणजे ५६०. टायरवरच्या चार आकड्यांच्या शिक्क्यावरून बनावटीचा आठवडा आणि वर्ष कळतं, ते वाचूनच टायर रिमवर चढवू दिले. पुढे बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि थोडं चालवून झाल्यावर नट पुन्हा आवळून घेणं.

फरक पडला, पण लोक सांगतात तिथे नाही. स्पीडब्रेकर आणि मोठे उंचवटे जसेच्या तसे आहेत, कारण ते काम स्प्रिंग आणि शॉकअपचं. गायब झाली ती बारीक, धारदार दणकी: पुलाचे सांधे, कॅट आय (रस्त्यात बसवलेले चमकणारे खडे), उखडलेल्या डांबराची कड. उंच साइडवॉल तिथे उशीसारखी दबते आणि धक्का वर पोचेपर्यंत बोथट होतो. आई हल्ली उड्डाणपुलावर काही बोलत नाही, इतर विषयांवर बोलते.

किंमत मोजली ती वळणांवर. नांदुरीहून सप्तशृंग गडाकडे चढताना लगेच कळलं. पूर्वी स्टिअरिंग फिरवलं की नाक त्याच क्षणी वळायचं. आता साइडवॉल आधी थोडी मुरडते, मग गाडी वळते. हा उशीर निमिषभराचा आहे, पण ज्याला गाडी चालवायची मजा येते त्याला तो खटकणारच. मला पहिल्या दोन-चार वळणांवर खटकला. टायर अरुंद असल्याने साचलेलं पाणी मात्र हा बरा कापतो.

समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने लेन बदलताना तोच ढिलेपणा किंचित जाणवतो. गाडी भरलेली असेल तेव्हा स्टिकरवरचा पूर्ण भाराचा, मागच्या चाकांचा वाढीव आकडा पाळला की तो बराच कमी होतो. एकटा असेन तर परत ३३.